महदाइसांचे दास्य

परमेश्वराचे दास्य हा शब्द आपल्या पंथात जितका सहज उच्चारला जातो, तितका सहज तो आचरणात उतरत नाही. ज्ञान देणे हे केवळ परमेश्वराचे कार्य आहे. जीवाच्या वाट्याला त्यानंतरचे आचरण तेवढे येते. सन्निधान असेल तर सेवा, असन्निधान असेल तर स्मरण, अटन, विजन आणि भिक्षा, असा हा क्रम साधनवंतांना परिचित आहे. परंतु ज्यांना सन्निधान लाभले त्यांनी सेवा कशी केली, आणि ते सुटल्यावर त्यांचे काय झाले, हे समजण्यासाठी सूत्रांच्या अर्थाबरोबर चरित्रांकडेही वळावे लागते. प्रस्तुत लेखकाला हे फार उशिरा, आणि एका म्हाताऱ्या वासनिक बाईंच्या प्रश्नामुळे उमगले, हे आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

खांडबारा हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे स्थानक गुजरातच्या सीमेपासून दूर नाही. घराघरांत मावची, भिली, अहिराणी आणि गुजराती अशा बोली ऐकू येतात. सभेत आणि शाळेत मराठी. तेथे निरूपणाच्या निमित्ताने काही दिवस राहणे झाले. एके दिवशी सायंकाळी निरूपण आटोपल्यावर एक वृद्ध बाई दंडवत करून बसून राहिल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. साऱ्या जन्मात शेतात राबणे आणि चुलीपुढे बसणे एवढेच आपण केले; पोथी वाचता येत नाही, सूत्रे पाठ होत नाहीत, पायांनी आता स्थानांचे नमस्कारही घडत नाहीत; मग देवाची सेवा म्हणून आपल्याकडे काय उरते, असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांपासून आरंभ करून पाऊण घटका समजावले. त्यांनी मान हलवली, पुन्हा दंडवत केला आणि त्या निघून गेल्या. त्यांना काही कळले नाही हे आम्हाला कळत होते, आणि तरीही आम्ही बोलत राहिलो होतो. त्या रात्री झोप आली नाही. पाठशाळेत शिकलेले सारे मनात फिरवून पाहिले आणि अखेर ज्या एका नावाशी मन थांबले ते महदाइसांचे. त्यांचे चरित्र साधनवंतांना ठाऊक आहे. तरी ते दास्याच्या अंगाने पुन्हा सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

महदाइसा म्हणजेच महदंबा. गोदावरीच्या परिसरातील विद्यासंपन्न ब्राह्मण कुळात त्यांचा जन्म झाला. पंथाचे आद्य आचार्य श्रीनागदेव, म्हणजे आपले भटोबास, यांच्या त्या चुलत भगिनी. बालपणीच त्यांना वैधव्य आले. तेराव्या शतकातील उच्चवर्णीय विधवेच्या आयुष्यात पुढे काय मांडून ठेवलेले असे ते येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. मंगलकार्यात तिने समोर येऊ नये, गाऊ नये, हळदीकुंकवाच्या वाऱ्याला उभे राहू नये. व्रते, उपवास, तीर्थयात्रा आणि कुटुंबाची सेवा एवढाच तिच्यासाठी मोकळा ठेवलेला रस्ता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ऋद्धपुरात जे घडले त्याचा अर्थ हिच्यावाचून पूर्ण उमगत नाही.

महदाइसांची बुद्धी तीक्ष्ण होती आणि तिला स्वस्थता नव्हती. त्यांनी प्रथम रामदेवांना, म्हणजे दादोसांना, गुरुस्थानी मानले. दादोस हे स्वतः सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सान्निध्यात आलेले होते, आणि त्यांच्याच योगाने महदाइसा, आबाइसा, उमाइसा, नागदेव अशी मंडळी स्वामींपर्यंत पोहोचली. हा दादोसांचा उपकार पंथाने कधी विसरू नये. परंतु झाले असे की, जी माणसे दादोसांनी आणली ती स्वामींच्या ठायी रमली. आपली शिष्यमंडळी आपल्या हातून गेली हे दादोसांच्या मनाला लागले, आणि लीळाचरित्रात त्यांचा हा विषाद लपवलेला नाही.

येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. ज्याने आपल्याला वाट दाखवली त्याच्याशी कृतज्ञ राहणे हा सज्जनाचा धर्म होय. महदाइसांना दादोसांविषयी आदर होता आणि तो एका दिवसात मावळणारा नव्हता. एकीकडे उपकार करणारा माणूस, दुसरीकडे प्रत्यक्ष परमेश्वर. लौकिकात अशा प्रसंगी मनुष्य दोन्हीकडे थोडे थोडे राहून सुटका करून घेतो. अनन्यतेत ही सोय नसते. महदाइसांनी दादोसांचा अनादर न करता आपले सर्वस्व स्वामींच्या चरणी ठेवले. आपल्याकडे काही वक्ते दादोसांना केवळ मत्सरी ठरवून मोकळे होतात, ते आम्हाला पटत नाही. मत्सर होता हे खरे. पण ज्याच्या हातून अशी रत्ने सुटली त्याचे दुःख समजून घेतले नाही, तर महदाइसांनी काय सोडले तेही समजत नाही.

स्वामींचे मूळ गुजरातमधील भडोचचे. राजकारभारातील एका प्रधानाच्या घरची ती मूर्ती. महाराष्ट्रात येऊन त्यांनी दीर्घकाळ एकांक भ्रमण केले, आणि इ.स. १२६७-६८ च्या सुमारास पैठण येथे संन्यास स्वीकारल्यावर त्यांच्याभोवती भक्तपरिवार जमू लागला. गुजराती मातृभाषा असलेल्या या महापुरुषाने ज्ञान मराठीत सांगितले. खांडबाऱ्यासारख्या सीमेवरच्या गावात बसून हे आठवताना मनाला वेगळेच वाटते. घरी एक बोली आणि धर्माची भाषा दुसरी, ही स्थिती तेथील लोकांना नवी नाही. आपल्या स्वामींनाही ती नवी नव्हती.

स्वामींच्या परिवारात नागुबाई म्हणजे बाइसा या नित्य परिचर्येत असत. स्नान, भोजन, शय्या यांची व्यवस्था त्यांच्याकडे. महदाइसांचे सेवेचे अंग निराळे होते. त्या विचारीत. स्वामी एखादी गोष्ट बोलून गेले की ती तशीच स्वीकारून गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. हे असे का, ते तसे का नाही, अमुक केले तर जीवाला काय घडते, देवता आणि परमेश्वर यांत अंतर कोणते, असे त्यांचे प्रश्न एकामागून एक येत. स्वामींनाही त्यांची ही जिज्ञासा आणि चर्चेची आवड ठाऊक होती, आणि त्यांनी तिचे कौतुकच केले. आज आपण ज्या निरूपणाचा अभ्यास करतो त्यातला मोठा भाग अशा विचारणाऱ्यांमुळे उच्चारला गेला आहे. पुढे केशोबासांनी लीळांमधून स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला, तेव्हा प्रश्न बाजूला राहिले आणि उत्तरे पोथीत उतरली. अभ्यासाच्या सोयीसाठी ते योग्यच झाले. तरीही सूत्र वाचताना ते कोणाच्या प्रश्नावर निघाले हे प्रकरणावरून पाहण्याची आपली जुनी रीत आहे, ती सुटू देऊ नये. अनेक ठिकाणी प्रकरण उघडले की महदाइसा समोर बसलेल्या दिसतात.

प्रश्न विचारणे ही सेवा कशी, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. ज्ञान देण्यासाठीच जो अवतरला आहे त्याच्यापुढे रिते भांडे घेऊन बसणे, हीही त्याची एक परिचर्याच नव्हे काय? आम्ही तरी असे मानतो. मात्र याला एक अट आहे. विचारणाऱ्याने उत्तर मिळाल्यावर तसे वागण्याची तयारी ठेवली पाहिजे. महदाइसांच्या प्रश्नांत वाद जिंकण्याची हौस दिसत नाही. पुढे कसे वागावे याची चिंता दिसते.

शके ११९४ ते ११९६ च्या सुमारास, म्हणजे इ.स. १२७२ ते १२७४ च्या दरम्यान, स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. परिवारावर आकाश कोसळले. ज्यांनी घर, गाव, नाते सोडून अनुसरण केले होते त्यांचे एकमेव आश्रयस्थान दृष्टीआड झाले. स्वामींच्या आज्ञेनुसार भटोबास आणि इतर भक्त ऋद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात गेले. महदाइसाही गेल्या. आजच्या अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील हे ऋद्धपूर. तेथे त्यांच्या दास्याची खरी कसोटी लागली असे आम्हाला वाटते.

ही कसोटी कोणती, हे श्रीप्रभूंचा स्वभाव ध्यानात घेतल्यावाचून कळणार नाही. सर्वज्ञ स्वामींपाशी निरूपण होते, दृष्टांत होते, प्रश्नाला उत्तर होते. श्रीप्रभूंपाशी यातले फारसे काही नव्हते. ऋद्धपूरजवळच्या काटसुरे गावी काण्वशाखीय ब्राह्मण कुळात त्यांचा अवतार झाला. बालपणीच मातापिता गेल्याने आप्तांनी त्यांना ऋद्धपुरात वाढवले, आणि पुढे तेच त्यांचे क्रीडास्थान झाले. त्यांचे वागणे बाहेरून पाहणाऱ्याला वेड्यासारखे, बालकासारखे वाटे. ते मनात येईल तेव्हा कोणाच्याही घरात शिरत. जातीचा, सोवळ्याओवळ्याचा विचार करीत नसत. आवडेल ते खात, नावडेल ते टाकून देत. क्षणात रुसत, क्षणात हसत, आणि प्रेमानेच शिव्याशाप देत. गावाने त्यांना राऊळ म्हणून आपलेसे केले होते. पोटच्या मुलासारखे त्यांचे हट्ट सोसले आणि आईबापासारखा त्यांचा आधार मानला.

ज्या महदाइसांना प्रत्येक गोष्टीचे कारण विचारून घेण्याची सवय, त्यांना आता असे सन्निधान लाभले की जेथे कारण विचारून उपयोग नाही. विचारले तर उत्तर म्हणून एखादी गोड शिवी येई. बुद्धिमान साधकाच्या दृष्टीने याहून अवघड सेवा कोणती? प्रश्न थांबवावा लागतो, बुद्धी बाजूला ठेवून नव्हे, तर ती हातांत उतरवून. काय हवे ते न सांगणाऱ्याला काय हवे ते ओळखायचे, आणि चुकले तर पुन्हा उठायचे. महदाइसा तेथे वर्षानुवर्षे राहिल्या.

ऋद्धपूरलीळांतील धिरड्यांचा प्रसंग यासाठीच फार बोलका आहे. तो पाठ्यपुस्तकांतूनही मुलांना शिकवला गेला आहे. परंतु तेथे जुन्या मराठीचा नमुना एवढाच त्याचा मान राहतो. श्रीप्रभूंनी महदाइसांना धिरडी करण्यास सांगितले. महदाइसांनी सामग्री जमवली, मनापासून एक पदार्थ सिद्ध केला आणि पुढे ठेवला. श्रीप्रभूंनी पाहिले आणि हे धिरडे नव्हे म्हणून तो परत केला. त्यांनी दुसरा केला. तोही धिरडे ठरला नाही. पुन्हा चूल, पुन्हा पीठ, पुन्हा नकार, आणि नकाराबरोबर लाडक्या शिव्या. महदाइसांनी आपली बाजू मांडली नाही, पदार्थाचे नाव आणि लक्षण यांचा वाद घातला नाही. श्रीप्रभूंच्या मनातले धिरडे ताटात येईपर्यंत त्या चुलीकडे परत जात राहिल्या.

वरवर पाहता हा विनोद आहे, आणि तो विनोद म्हणूनही आस्वाद्य आहे. श्रीप्रभूंच्या लीळांतील हास्य काढून टाकणाऱ्या गंभीर भाष्यकारांशी आमचे जमत नाही. परंतु चुलीपुढे बसलेल्या त्या बाईकडे नीट पाहावे. आपण जे चांगले समजतो ते देवाला अर्पण करणे सोपे असते. त्यात आपली आवड, आपले कौशल्य आणि आपला मोठेपणाही थोडा अर्पण होतो. देवाने ते नाकारले तर मात्र मनात किंचित राग येतो. एवढे केले तरी याला पसंत नाही, असे वाटते. या रागाच्या पलीकडे दास्याला आरंभ होतो. महदाइसांच्या मनात काय आले ते लीळाकारांनी लिहिलेले नाही. त्यांनी पुन्हा पीठ भिजवले, एवढेच लिहिले आहे.

आता धवळ्यांकडे वळू. एकदा श्रीप्रभूंना लग्नाची प्रवृत्ती झाली. भक्तांनी तो खेळ मनोभावे मांडला. मंडप आला, सोहळा आला, आणि लग्न म्हटले की वराचे गीत आले. धवळे हा विवाहप्रसंगी गाण्याचा प्रकार. ते गाण्याची आज्ञा श्रीप्रभूंकडून महदाइसांना झाली. त्यांनी तेथल्या तेथे श्रीकृष्ण चक्रवर्ती आणि रुक्मिणी यांच्या विवाहाची कथा रचून गाइली. तेराव्या शतकाच्या नवव्या दशकातील ही घटना. त्या वेळी रचला गेला तो पूर्वार्ध. उत्तरार्ध पुढे सिद्ध झाला. दोन्ही मिळून सुमारे दीडशे कडव्यांचे हे काव्य मराठीतील कवयित्रीच्या उपलब्ध रचनांत आद्य मानले जाते. मातृकी रुक्मिणीस्वयंवर हीही त्यांचीच रचना.

साहित्याच्या इतिहासकारांनी महदाइसांना आद्य कवयित्रीचा मान दिला याचा आनंद सर्वांना आहे. पण तो मान देताना त्या कोणत्या अवस्थेत गात होत्या हे बहुधा अनुल्लेखित राहते. आम्ही वर जे ध्यानात ठेवण्यास सांगितले ते येथे आठवावे. लग्नमंडपात जिने तोंड दाखवणेही लोक अशुभ मानीत, त्या बालविधवेला प्रत्यक्ष परमेश्वरावताराने आपल्या लग्नात गाण्यास बसवले. समाजाने जो एक कंठ मंगलातून वगळला होता तोच निवडला गेला. श्रीप्रभू वेड्यासारखे वागत असे म्हणणाऱ्यांनी या निवडीचा विचार करावा. आणि महदाइसांचाही विचार करावा. आपण गावे की नाही, लोक काय म्हणतील, आपल्याला काव्य येते का, असा संकोच त्यांना झाला असता तर तो अगदी स्वाभाविक होता. ज्या वृत्तीने त्या पुन्हा पुन्हा चुलीकडे गेल्या त्याच वृत्तीने त्या गाण्यास बसल्या. त्यांच्या लेखी दोन्ही आज्ञाच होत्या.

कथेची निवडही सहज झालेली नाही. रुक्मिणीने मनाने एकालाच वरले आहे. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला देऊ पाहतो. ती ब्राह्मणाच्या हाती निरोप धाडते आणि वाट पाहते. एकाच ठायी निष्ठा ठेवून इतर सर्वांचा आग्रह सोसणे, हा महदाइसांच्या स्वतःच्या आयुष्याचा अनुभव होता. शिवाय श्रीकृष्ण आणि श्रीगोविंदप्रभू हे पंचावतारांतील असल्याने, द्वारकेच्या लग्नाचे गीत ऋद्धपुरातील लग्नात गाताना त्यांना उपमा शोधावी लागली नाही. वर एकच होता. ज्या रुक्मिणीचे माहेर मानले जाते ते कौंडिण्यपूरही आजच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. गाणारीला कथेचा भूगोल परका नव्हता, ऐकणाऱ्यांनाही नव्हता.

याच ऋद्धपुरात आणखी एक कार्य चालले होते. सराळ्याचे म्हाइंभट हे एके काळी विद्येच्या गर्वाने स्वामींशी वाद करण्यास आलेले पंडित. स्वामींच्या विरहानंतर त्यांनी लीळा गोळा करण्याचे व्रत घेतले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी प्रत्येक प्रसंग विचारला. भटोबासांकडून त्याची शहानिशा करून घेतली. जेथे दोघांच्या आठवणीत फरक पडला तेथे तो फरकही नोंदवला. वाजेश्वरी येथे हे लेखन झाल्याचे आपण मानतो. या कामी ज्यांची स्मृती उपयोगी पडली त्यांत महदाइसा अग्रभागी आहेत. एके काळी त्यांनी विचारले होते. आता त्यांना विचारले जात होते. आणि स्वामींच्या मुखातून आलेल्या शब्दात आपला एकही शब्द मिसळू न देता तो परत करणे, ही केवढी जोखमीची सेवा! कवयित्रीला तर ती अधिकच कठीण असली पाहिजे. शब्द रमणीय करण्याचा मोह तिला पदोपदी होणार. लीळाचरित्रातील गद्याचा साधेपणा पाहिला म्हणजे हा मोह सांगणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी किती आवरला ते कळते.

पुढे परचक्रात लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, आणि ते वाङ्मय भक्तांच्या स्मरणातून पुन्हा उभे करावे लागले. त्यातही हिराइसा या बाईंचे पाठांतर उपयोगी पडले, आणि त्यांच्या नावाने पाठ ओळखला जाऊ लागला. त्यानंतर शतकानुशतके हे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपले गेले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सकळी लिपीची उकल करीपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना त्यांचा गंधही नव्हता. आज ऋद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. २०२४ साली त्याचे काम सुरू झाले. जेथे महदाइसा पीठ भिजवीत होत्या तेथे आता पदव्या मिळतील, आणि त्यात वाईट काही नाही.

श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर पंथाची धुरा भटोबासांवर आली. दोन अवतारांचे सन्निधान पाहून ते दोनदा गमावलेली ही मंडळी. आता पुढे कोणत्या गावी जावे, हे सांगणारी आज्ञा नव्हती. भटोबासांनी आचारधर्म उभा केला, शिष्यांना निरूपण केले, आणि एक निर्णय असा घेतला की ज्याचे ऋण मराठी भाषेवर कायमचे आहे. विद्वान शिष्य संस्कृतात विचारू लागले तेव्हा त्यांनी ते नाकारले. स्वामींनी मराठीत सांगितले आहे, तेव्हा मराठीतच विचारावे. संस्कृतात चर्चा झाली तर परिवारातल्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला अंतरतील, असा त्यांचा भाव होता. केशोबासांसारख्या पंडिताने हे मानले, हे त्यांचे मोठेपण. पण भटोबासांच्या डोळ्यांपुढे ज्या वृद्ध स्त्रिया होत्या त्या कोण, याचा विचार करू लागलो की महदाइसांचाच चेहरा पुढे येतो. ज्या बाईने स्वामींना विचारून विचारून ज्ञान प्रकट करवले, ती आणि तिच्यासारख्या दुसऱ्या बायका बाहेर राहतील अशी भाषा आचार्यांना नको होती. स्मृतिस्थळात आचार्यांच्या मनात महदाइसांविषयी असलेला आदर ठिकठिकाणी जाणवतो. वयाने आणि अनुभवाने वडील झालेल्या या बहिणीला ते धर्माचा आधार मानीत.

या काळातील महदाइसांची सेवा बाहेरून दिसण्यासारखी नव्हती. ताट वाढायला कोणी नव्हते, गाण्याची आज्ञा करणारे कोणी नव्हते. स्मरण होते, भिक्षा होती, आणि नव्याने अनुसरलेल्यांना जुन्या लीळा सांगणे होते. आम्हा आजच्या भिक्षूंना केवळ हीच अवस्था ठाऊक आहे. सन्निधानाचा अनुभव नसताना दास्य कसे टिकवावे, हा आमचा नित्याचा प्रश्न, आणि पुष्कळदा आम्ही त्याचे उत्तर विधिनिषेधांच्या यादीत शोधतो. महदाइसांनी सन्निधानात मिळालेली सवय असन्निधानात सोडली नाही, एवढेच त्यांच्या उत्तरायुष्याविषयी सांगता येते, आणि आमच्यापुरते ते पुरेसे आहे.

खांडबाऱ्यात दुसऱ्या दिवशी आम्ही चार पदार्थ बाजूला ठेवले. संध्याकाळी महदाइसांचे चरित्र सांगितले. पोथी समोर होती पण उघडली नाही. ज्या शब्दांवर समोरच्या बायका एकमेकींकडे पाहत, तो शब्द आम्ही बदलून घेत होतो. एकदा तर जवळ बसलेल्या एका शाळकरी मुलीने आमचे वाक्य मावचीत सांगून टाकले आणि आम्ही पुढे गेलो. त्या वृद्ध बाई आल्या होत्या. दादोसांचा भाग त्यांनी गंभीरपणे ऐकला. धिरड्यांचा प्रसंग आला आणि दुसऱ्यांदा ताट परत आले, तेव्हा त्या हसू लागल्या. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा त्यांच्यामागे बसलेल्या बायकाही हसल्या.

निरूपण संपल्यावर सगळे उठले. त्या बाई मात्र पुढे आल्या, दंडवत केला, आणि पीठ कसले होते ते विचारू लागल्या. आमच्याकडून उत्तर येण्याच्या आधीच त्यांनी आपल्या घरची रीत सांगायला सुरुवात केली. तांदूळ किती, ज्वारी किती, तवा किती तापवायचा, आणि घरातले म्हातारे माणूस रुसून बसले असेल तर धिरडे जाड घालायचे की पातळ. आम्ही ऐकत बसलो.